आमच्या सहनशक्तीचा साठा आराखड्यात धरू नका

महासाथीच्या तयारीचे आराखडे लिहिणारे अधिकारी आणि दिव्यांग व्यक्तींच्या निवासी व घरपोच सेवा चालवणाऱ्या संस्थांचे विश्वस्त यांस,

स. न. वि. वि.

मी काळजीवाहक आहे. ज्यांना आपल्या हातांनी तोंड धुता येत नाही, कूस बदलता येत नाही, कुठे दुखतंय ते शब्दांत सांगता येत नाही, अशा प्रौढ माणसांसोबत मी गेली सोळा वर्षं काम करते. कोविडच्या संपूर्ण काळात मी कामावर होते. पत्र तुम्हाला लिहिते आहे, पण ते सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड्यावर ठेवते आहे. बंद पाकिटातून पाठवलेल्या आमच्या आधीच्या पत्रांचं काय झालं, ते आम्हाला कधी कळलं नाही.

निमित्त असं घडलं. पुढच्या साथीच्या तयारीचा एक मसुदा काही आठवड्यांपूर्वी आमच्या वाचनात आला. मास्क किती लागतील, खाटा किती, ऑक्सिजन कुठून येईल, लस आधी कोणाला, सगळं तपशिलात लिहिलेलं. आमच्या वाट्याला एकच ओळ होती: काळजीवाहकांची ताण सोसण्याची क्षमता वाढावी म्हणून त्यांना एक तासाचं ऑनलाइन प्रशिक्षण द्यावं. मास्कच्या हिशेबात आम्ही नव्हतो. लसीच्या क्रमात नव्हतो. आजारी पडलो तर आमच्या जागी कोण उभं राहील, त्या तरतुदीतही नव्हतो.

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. गोदामात मास्कचा साठा धरतात, तसा तिथे आमच्या सहनशक्तीचा साठा धरलेला आहे. मागच्या वेळी यांनी निभावून नेलं, पुढच्या वेळीही नेतील, मधल्या काळात थोडं शिकवलं की झालं. हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का आहे हे सांगणं माझं काम आहे, कारण तो साठा कसा संपत गेला ते मी आतून पाहिलं आहे.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महासाथ म्हटलं, आणि त्यानंतर 'अंतर ठेवा' हे शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडू लागले. आमच्या कामात अंतर नसतं. माणसाला पलंगावरून व्हीलचेअरमध्ये घेताना त्याचे हात माझ्या मानेभोवती असतात आणि त्याचा गाल माझ्या गालाला लागलेला असतो. ज्याला गिळायला त्रास होतो त्याला भरवताना माझा चेहरा त्याच्यापासून वीतभर अंतरावर असतो, कारण घास उतरला की नाही ते गळ्याच्या हालचालीवरून बघावं लागतं. त्याला ठसका लागतो तो थेट माझ्या तोंडावर. शय्याव्रण, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते. सहा फुटांवरून कोणाचीही कूस बदलता येत नाही.

आम्हाला लक्षणांचा तक्ता दिला होता. खोकला असेल तर कळवा. आमच्याकडे चार माणसं अशी होती, जी प्रत्येक जेवणाला खोकतात. ताप असेल तर कळवा. मानेच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचं शरीर स्वतःचं तापमान नीट सांभाळू शकत नाही, खोली तापली की तोही तापतो. वास येत नसेल तर कळवा. जो बोलत नाही, तो हे कसं कळवणार? मग आम्ही आमचा तक्ता केला. एकजण पहाटे नेहमी पांघरूण लाथाडतो, आज लाथाडलं नाही. एकजण दरवाजा वाजला की मान वळवते, आज वळवली नाही. पहिला बाधित माणूस आम्हाला असा सापडला, पांघरुणावरून. हे ज्ञान कुठल्याही प्रशिक्षणात नाही. ते त्या त्या माणसाजवळ वर्षानुवर्षं बसून येतं, आणि ज्याच्याकडे ते आहे तो थकून काम सोडून गेला की त्याच्यासोबत जातं. आमच्यातले कितीतरी जण गेले. त्यांच्या जागी आलेल्यांना ती पांघरुणाची गोष्ट माहीत नव्हती.

आता तक्रारी सांगते. क्रमानं सांगते, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली तक्रार यादीची. आम्ही कोणत्याच यादीत नव्हतो. रुग्णालयातले कर्मचारी आघाडीवरचे ठरले, ते योग्यच होतं. आम्ही ना आरोग्य खात्याचे, ना घरच्यांसारखे घरचे. संरक्षक साहित्य मागितलं की सांगायचे, ते वैद्यकीय कर्मचाऱ्यांसाठी आहे. घरी थांबतो म्हटलं की सांगायचे, तुमची सेवा अत्यावश्यक आहे. एकाच आठवड्यात ही दोन्ही उत्तरं मला एकाच टेबलावरून मिळाली आहेत. पहिले कित्येक आठवडे आम्ही एकेक मास्क कागदी पिशवीत घालून, पिशवीवर नाव आणि वार लिहून, खिळ्याला टांगून ठेवत होतो आणि आलटून पालटून वापरत होतो. माझी पिशवी फाटली तेव्हा शेजारच्या मैत्रिणीनं तिच्या पिशवीवर माझं नाव लिहून मला दिली. तिनं त्या दिवशी काय वापरलं, ते मी विचारलं नाही. आजही विचारायची हिंमत होत नाही.

तेव्हा कोणालाच काही माहीत नव्हतं, असं कृपया म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२० मध्येच दिव्यांग व्यक्तींविषयी वेगळी सूचनापत्रिका काढली होती. त्यांच्या काळजीवाहकांना इतर प्राधान्य गटांसोबत चाचणी मिळावी, असं त्यात होतं. दिव्यांग सेवांमधल्या मनुष्यबळाला संसर्ग रोखण्याचं प्रशिक्षण तातडीनं द्यावं, असंही होतं. आमचं काम एखाद्या व्याख्येत बसत नाही, हेही खरं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय-वर्गीकरणात ५३२ क्रमांकाचा गट वैयक्तिक काळजी घेणाऱ्या कामगारांचा आहे, आणि घरी जाऊन काळजी घेणाऱ्यांना त्यात ५३२२ असा स्वतंत्र क्रमांक आहे. म्हणजे क्रमांक होता, सूचनाही होती. त्या वाचून यादीत आमचं नाव घालणारा माणूस नव्हता.

दुसरी तक्रार चेहऱ्याची. ही मी जरा सावकाश सांगते, कारण ती बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही.

आमच्याकडे तिशीतला एक स्वमग्न तरुण आहे. तो बोलत नाही. माणसं ओळखतो ती हनुवटी आणि ओठांवरून, डोळ्यांकडे तो बघतच नाही. ज्या सकाळी आम्ही सगळे मास्क, चेहऱ्यावर प्लास्टिकचं आवरण आणि अंगभर पांढरा पोशाख घालून आत गेलो, त्या सकाळी त्याच्या दृष्टीनं आम्ही सगळे नाहीसे झालो होतो आणि आमच्या जागी अनोळखी माणसं त्याचे कपडे काढू पाहत होती. त्यानं डोकं भिंतीवर आपटायला सुरुवात केली. आम्ही जितके जवळ गेलो तितकं तो जोरात आपटत गेला. मी दोन्ही तळहात भिंत आणि त्याच्या कपाळामध्ये धरून उभी राहिले. माझी बोटं संध्याकाळपर्यंत सुजली होती. पण त्याला लागलं त्यापुढे ते काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या खोलीच्या काचेच्या खिडकीबाहेर, बागेच्या बाजूला उभी राहू लागले. मास्क काढायचा, हसायचं, हनुवटीला बोट लावायचं, मग त्याच्या डोळ्यांसमोर मास्क चढवायचा आणि पुन्हा हनुवटीच्या जागी बोट लावायचं. दिवसातून आठ-दहा वेळा. अकराव्या दिवशी त्यानं आतून काचेवर, माझ्या मास्कच्या खालच्या कडेला, बोट टेकवलं. त्या दिवशी आंघोळ झाली. डोकं आपटणं लगेच थांबलं नाही, पण कमी होत गेलं.

पारदर्शक मास्क ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. ओठ वाचून समजून घेणाऱ्या कर्णबधिर माणसांना त्यांची तितकीच गरज होती. आम्ही ते मागितले, मिळाले नाहीत. डोळ्यांनी दिसत नाही आणि कानांनी ऐकू येत नाही अशा माणसाची भाषा तर तळहातावरच असते. त्याला शिवायचं नाही, असा नियम करणं म्हणजे त्याचं बोलणं बंद करणं. हातमोजे घालून बोटांची खूण किती बोथट होते, ते एकदा स्वतः करून बघा. हे सगळे नियम ज्यांनी लिहिले त्यांचा हेतू वाईट होता, असं मी म्हणत नाही. लिहिताना त्यांच्या शेजारी आमच्यातलं कोणी बसलेलं नव्हतं, आणि आमच्याकडच्या माणसांतलं तर मुळीच नव्हतं.

तिसरी तक्रार रुग्णालयाच्या दाराची. ही सांगायला मला सगळ्यात जड जातं.

आमच्याकडे एक पन्नाशीचे गृहस्थ होते. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. मेंदूच्या पक्षाघातामुळे त्यांचं शरीर त्यांच्या ताब्यात नव्हतं, शब्द उमटत नव्हते, पण समजत सगळं होतं. डाव्या हाताचा अंगठा तेवढा चालायचा. दोनदा टेकवला की हो, एकदा टेकवला की नाही. त्या अंगठ्यावर आम्ही बारा वर्षं गप्पा मारल्या. त्यांना श्वास लागू लागला तेव्हा रुग्णवाहिका आली. दारातच सांगण्यात आलं, सोबत कोणी यायचं नाही. मी विनवलं. मी नातेवाईक नाही, त्यांची बोलण्याची वाट आहे, असं सांगितलं. नियम होता, आणि रुग्णवाहिकेवरच्या मुलांनाही तो मोडायची मुभा नव्हती, हे मला तेव्हाही दिसत होतं. मी वहीचं पान फाडलं. 'सगळं समजतं. डावा अंगठा: दोनदा म्हणजे हो, एकदा म्हणजे नाही. पाठीवर सरळ झोपवू नका, लाळ श्वासनलिकेत जाते.' एवढं लिहून ते पान सेफ्टी पिननं त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला लावलं. दादांनी माझ्या हातावर अंगठा दोनदा टेकवला.

ते परत आले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांचे कपडे एका पिशवीत आले. सदऱ्याच्या खिशाला ते पान तसंच होतं, पिनेसकट, घडीही न उघडलेलं.

मी त्या रुग्णालयाला दोष द्यायला हे लिहीत नाही. तिथले लोकही झोपेवाचून उभे होते. पण दादांना काय विचारलं गेलं, त्यांनी अंगठा किती वेळा टेकवला आणि तो कोणी पाहिला का, हे प्रश्न घेऊन मी जगते आहे. अशा आठवणीला नुसता ताण म्हणत नाहीत. जे करणं आपल्याला बरोबर वाटतं ते करू न देता माणसाला उभं ठेवलं की आत जी जखम होते, तिला मानसशास्त्रात नैतिक इजा म्हणतात. श्वासाचे व्यायाम केल्यानं ती भरत नाही. दार उघडं असतं तर ती झालीच नसती.

आणि दार नुसतं आम्हालाच बंद नव्हतं. इंग्लंडमध्ये २० मार्च २०२० रोजी अतिदक्षता विभागात कोणाला घ्यायचं याविषयी एक मार्गदर्शक सूचना निघाली. त्यात वृद्धांची दुर्बलता मोजण्याची एक श्रेणी वापरायला सांगितली होती. त्या श्रेणीत आंघोळीला, कपडे बदलायला दुसऱ्याची मदत लागली की माणूस दुर्बलांत जमा होतो. म्हणजे तब्येतीनं ठणठणीत, पण मदतीशिवाय आंघोळ करता न येणारा तिशीतला तरुणही त्यात दुर्बल ठरला असता. दिव्यांग व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबांनी आवाज उठवल्यावर पाचच दिवसांत, २५ मार्चला, दुरुस्ती झाली: बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा दीर्घकाळ स्थिर असलेलं दिव्यांगत्व असणाऱ्यांना ही श्रेणी लावू नये. पाच दिवसांत दुरुस्ती होऊ शकते, हे यातून मला दिसलं. तसंच हेही दिसलं, की कोणी ओरडलं नसतं तर ती झाली नसती.

त्याच देशाच्या सरकारी आकडेवारीनुसार, २०२० च्या जानेवारीअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत कोविडनं गेलेल्या दर दहांपैकी जवळजवळ सहाजण दिव्यांग होते, आणि पाहणीतल्या लोकसंख्येत त्यांचा वाटा साधारण सतरा टक्के होता. त्याच वर्षी तिथल्या संशोधकांना डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांमध्ये कोविडनं मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे दहापट आढळला. आम्ही ज्यांच्या अंगाला अंग लावून काम करत होतो ती ही माणसं. माझ्या श्वासातून यांना काही होईल, या भीतीपुढे स्वतः आजारी पडण्याची भीती फार लहान होती. लक्षणं दिसण्याआधीच माणूस विषाणू पसरवू शकतो, हे कळल्यावर तर रोज सकाळी दारात पाय ठेवताना मला माझीच भीती वाटायची.

चौथी तक्रार पैशांची आणि रजेची. ती थोडक्यात सांगते, कारण ती सोडवणं सगळ्यात सोपं आहे. विलगीकरणाच्या दिवसांचा पगार कापला गेला. पगार कापला की माणूस खोकला लपवतो, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. एका जागेच्या पगारात भागत नाही म्हणून आमच्यातले अनेकजण दोन-तीन ठिकाणी काम करतात, आणि एका ठिकाणचा संसर्ग दुसरीकडे नेण्याचा दोष मात्र त्यांच्या माथी येतो.

पाचवी तक्रार शोकाची. आमच्याकडे तीन माणसं गेली. ज्यांना रोज पुसलं, भरवलं, ज्यांच्याशी भांडलो, त्यांच्यासाठी आम्हाला एका पाळीचीही रजा नव्हती, कारण आम्ही नातेवाईक नाही. दुपारी बातमी आली आणि संध्याकाळी त्याच पलंगाची चादर मी बदलली. मागे राहिलेल्यांना काय सांगायचं, हेही कोणी आम्हाला सांगितलं नाही. दादांच्या शेजारच्या पलंगावरचा मित्र कित्येक महिने त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून माझ्याकडे बघायचा.

आता त्या एका ओळीकडे येते. ताण सोसण्याच्या क्षमतेकडे.

२०२१ च्या मध्यावर कधीतरी मी एका बाईंना आंघोळ घालून, केस विंचरून, खुर्चीत बसवून बाहेर आले. बाहेर आल्यावर लक्षात आलं, की एवढ्या वेळात मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. पाणी गार आहे का, विचारलं नव्हतं. भांडं घासावं तसं मी माणसाला धुतलं होतं. त्यांनीही काही आवाज केला नव्हता. एरवी त्या आंघोळीच्या वेळी गुणगुणतात. मी मोरीत परत गेले आणि दार लावून रडले. दुसऱ्या दिवशी मी त्यांची माफी मागितली. त्यांना ती समजली की नाही मला माहीत नाही, पण मागायला हवी होती.

तेव्हा मला वाटलं, मी वाईट माणूस झाले आहे. पुढे कळलं, की या अवस्थेचं वर्णन १९८१ मध्येच झालेलं आहे. क्रिस्टिना मास्लाक आणि त्यांच्या सहकारी सुझन जॅक्सन यांनी कामातून येणाऱ्या शिणवट्याच्या, म्हणजे 'बर्नआउट'च्या, मोजमापात तीन गोष्टी मांडल्या होत्या: भावना आटून जाणं, समोरच्याकडे माणूस म्हणून न बघता वस्तूसारखं बघणं, आणि आपण काही उपयोगाचे नाही असं वाटू लागणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, या शिणवट्याची नोंद आजार म्हणून नाही, कामाच्या संदर्भातली घटना म्हणून आहे. दीर्घकाळच्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या कामाच्या ठिकाणच्या ताणातून तो येतो, अशी त्याची व्याख्या आहे. कामाच्या ठिकाणचा ताण. तो हाताळायची जबाबदारी कामाचं ठिकाण ज्यांच्या हातात आहे त्यांची. तुमच्या मसुद्यात ती सगळी आमच्या छातीत आणि श्वासात ढकललेली आहे.

आम्ही तग धरला, हे खरं आहे. पण कशावर धरला, ते विचारा. आमची एक पर्यवेक्षिका होती. दर पाळीच्या शेवटी ती पंधरा मिनिटं आम्हाला बसवायची, प्रत्येकाला विचारायची, आज काय जड गेलं, आणि ते सुधारायला तिच्या हातात असलेलं एक काम त्याच दिवशी करायची. एकदा मी तीन रात्री सलग जागले होते, तेव्हा माझी चौथी रात्र तिनं स्वतः केली. काचेवर टेकलेलं ते बोट होतं. पिशवीवर माझं नाव लिहिणारी मैत्रीण होती. या गोष्टी होत्या म्हणून मी आज हे पत्र लिहिण्याइतकी शाबूत आहे. ती पर्यवेक्षिका पुढे बदलून गेली, पंधरा मिनिटांची बैठक वेळेचा अपव्यय म्हणून बंद झाली, आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत आमच्यातले पाचजण काम सोडून गेले. तीच माणसं होती. आदल्या वर्षी ती कणखर होती आणि या वर्षी कमकुवत झाली, असं तर नाही ना?

याविषयी मी थोडं वाचलं. हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला होता. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचे आजार अशा अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं पुढे नीट उभी राहिली. त्यांच्या पाठीशी काय होतं? स्वभावाचा काही भाग होताच, पण त्याबरोबर निदान एक तरी मोठं माणूस, घरातलं किंवा बाहेरचं, त्यांना कायम धरून होतं. ते संशोधन मुलांवरचं आहे, आमच्यावरचं नाही, याची मला जाणीव आहे. तरी वाचताना मला आमची पर्यवेक्षिकाच आठवली.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

दिव्यांग व्यक्तींच्या काळजीवाहकांचं नाव, निवासी असोत की घरपोच, पगारी असोत की कुटुंबातले, संरक्षक साहित्य, चाचणी आणि लसीच्या प्राधान्यक्रमात स्पष्ट शब्दांत लिहा. 'इतर' या शब्दात आम्हाला घालू नका. साठ्यात पारदर्शक मास्क ठेवा.

ज्या व्यक्तीला संवादासाठी किंवा काळजीसाठी ठरावीक माणूस लागतो, त्या माणसाला अभ्यागत न मानता उपचाराचा भाग माना आणि पूर्ण संरक्षण देऊन रुग्णालयात सोबत राहू द्या. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कांच्या २००६ च्या करारातलं कलम ११ आपत्तीच्या काळातल्या संरक्षणाविषयी आहे आणि कलम २५ इतरांच्या बरोबरीच्या दर्जाच्या आरोग्यसेवेविषयी. या दाराची मागणी त्या दोन कलमांतच बसते. आणि अशा प्रत्येक व्यक्तीचं एक पानाचं संवादपत्रक आत्ताच, साथ नसताना, तयार करून रुग्णालयाच्या नोंदीत घाला, म्हणजे ते कोणाला ऐन वेळी वहीतून फाडावं लागणार नाही.

विलगीकरणाचा पगार पूर्ण द्या. एकाच ठिकाणी काम करून भागेल इतका पगार द्या. आपल्या काळजीतली व्यक्ती गेली तर काळजीवाहकाला शोकाची रजा द्या.

प्रत्येक संस्थेत प्रशिक्षित बदली माणसांची फळी ठेवा, आणि त्यांना आधीपासूनच या माणसांसोबत काही पाळ्या काम करू द्या, म्हणजे पांघरुणाची गोष्ट त्यांनाही माहीत असेल.

पाळीच्या शेवटची ती पंधरा मिनिटं कामाच्या वेळेत आणि पगारात धरा. ज्याला हवा त्याला समुपदेशक मिळू द्या, एका तासापुरता नाही, आणि तिथे बोललेलं वरिष्ठांच्या कानावर जाणार नाही याची लेखी हमी द्या. तुमचं प्रशिक्षणही घेऊ, त्याला आमचा विरोध नाही. पण या सगळ्याच्या बदल्यात ते नको.

शेवटची मागणी: आराखडा लिहिणाऱ्या समितीत दिव्यांग व्यक्ती आणि प्रत्यक्ष काम करणारे काळजीवाहक घ्या. मताचा अधिकार देऊन घ्या. बैठक आमच्या पाळीच्या वेळेत असेल तर बदली माणूस द्या, नाहीतर आमंत्रण असूनही आमच्यातलं कोणी येऊ शकणार नाही.

जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेनं सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाचं वातावरण कामगारांच्या मूलभूत हक्कांत घातलं. २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेनं महासाथ करार स्वीकारला, आणि त्यात आरोग्य व काळजी या दोन्ही क्षेत्रांतल्या कामगारांच्या संरक्षणाचा उल्लेख आहे. म्हणजे आता वेळ तुमच्याकडे आहे आणि आधारही आहे. मसुदा अजून कच्चा आहे, ओळी बदलता येतात.

या पत्राला वेगळं उत्तर पाठवू नका. मसुद्याच्या पुढच्या प्रतीत ती ओळ कशी बदलली आहे, ते आम्ही वाचू. तुमच्यापैकी कोणाला एखादी पाळी आमच्यासोबत काढायची असेल तर जरूर या. फक्त येण्याच्या आदल्या दिवशी आपला एक स्पष्ट फोटो पाठवा, हनुवटी नीट दिसेल असा. आमच्या त्या तरुणाला तो आधी दाखवावा लागतो.

आपली,
एक काळजीवाहक